हरलेल्याने फोन करायचा

वामन,

परवा शाळेत तुझी शोकसभा झाली. फळ्यावर कोणीतरी रंगीत खडूने तुझं नाव लिहिलं होतं. अक्षर इतकं गचाळ, की तू असतास तर हार घातलेल्या फोटोतून उतरून आधी फळा पुसला असतास. नावाखाली लिहिलं होतं, ‘अल्पशा आजाराने दुःखद निधन’. दुःखद ठीक आहे. पण अल्पशा? इतकी वर्षं तू तो आजार कपड्यांखाली दाबून सांभाळलास, त्याच्यासाठी पट्टा शिवून घेतलास, त्याच्यापायी सायकल सोडलीस, आणि या लोकांनी त्याला एका शब्दात अल्पसा करून टाकला.

मग तुझा एक जुना विद्यार्थी बोलायला उभा राहिला. आता कुठल्याशा कचेरीत मोठा साहेब आहे. म्हणाला, सरांचा तो रुबाब आम्ही कधी विसरणार नाही, एका हातात खडू आणि दुसरा हात पँटच्या खिशात. आम्ही घरी आरशासमोर उभं राहून त्याची नक्कल करायचो. लोकांनी माना डोलावल्या. कुसुमवहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. रडत होत्या की हसत होत्या, मला कळलं नाही. त्या सभेत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं की तो रुबाब नव्हता. खिशातल्या हाताने तू तुझा हर्निया धरून ठेवलेला असायचास, खोकला आला की आतडं जांघेत उतरू नये म्हणून.

माझी पाळी आली तेव्हा मी सरळ सांगायचं ठरवलं होतं. उभा राहिलो, ‘वामनला हर्निया होता’ इतकं म्हणालो, आणि मुख्याध्यापिका बाई टेबलावरच्या फुलांकडे पाहायला लागल्या. मागे कोणीतरी घसा खाकरला. गेलेल्या माणसाच्या जांघेबद्दल शोकसभेत बोलत नाहीत म्हणे. मी तुझ्या शिस्तीबद्दल दोन वाक्यं बोललो आणि खाली बसलो. घरी येईपर्यंत डोकं तापलेलं होतं. म्हणून हे लिहितो आहे. तुला आवडणार नाही. न आवडो, आता तू काही माझं तोंड धरू शकत नाहीस.

खोकल्याचं खापर तू जन्मभर खडूच्या धुळीवर फोडलंस. मी गणित शिकवायचो, तू मराठी. तुझ्यापेक्षा दुप्पट खडू मी झिजवला, मला कुठे खोकला लागला? मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे जो धूर निघायचा तो खडूचा नव्हता. बिडी नेमकी कधी सोडलीस तेही मला ठाऊक आहे, आणि वहिनींना जे सांगितलंस त्यापेक्षा बरंच उशिरा. वहिनी, हे वाचलंत तर माफ करा, आता भांडायला तो नाही.

त्या खोकल्यानेच तुझा हर्निया वाढवला. आधी सुपारीएवढा, मग लिंबाएवढा, मग तू आकार सांगायचाच बंद केलास. रात्री आडवा झालास की आपोआप आत जायचा, दिवसा ढकलावा लागायचा. तुझ्या सगळ्या दिवसाचा हिशेब त्याच्यावर बसलेला. कुठे उभं राहायचं, कुठे बसायचं, कोणाच्या लग्नात जेवायला वाकायचं नाही. आणि बाहेर मात्र रुबाब.

मग मलाही तोच आजार निघाला. तुझा उजवीकडे, माझा डावीकडे. ते ऐकून तू किती हसलास! “दोघायचा मिळून एक पूरा पेशंट झाला बे दिगू,” म्हणालास. पण माझ्या हृदयात आधीच स्टेंट बसलेला, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. पूर्ण भूल द्यायची म्हटलं की घरच्यांचे चेहरे उतरायचे. तेव्हा मी सौंसरला नीलेशकडे गेलो.

नीलेश म्हणजे आपल्याच शाळेचा पोरगा. माझ्या तासाला हुशार आणि तुझ्या तासाला रडवेला. अक्षर असं, की त्याचं त्यालाच वाचता यायचं नाही. तू त्याच्या वहीवर लाल शाईने ‘हाताला वळण नाही’ असं लिहायचास. एकदा तर भर वर्गात त्याचा हात वर धरलास आणि म्हणालास, “पाहा रे पोट्टेहो, हा हात कसा थरथरून राहिला. याच्या हातून काही धड होणार नाई.” त्याच हाताने तो पुढे सर्जन झाला. बाहेर कुठे राहिला नाही, परत येऊन सौंसरला दवाखाना टाकला. रस्त्यात भेटला की अजूनही तुझ्या पाया पडायचा, आणि तू आशीर्वाद देताना अजूनही त्याच्या बोटांकडे पाहायचास.

तो मला म्हणाला, “सर, पूरी भूल कायले पाहिजे तुमाले? जेवढं कापायचं तेवढंच सुन्न करतो. तुमी जागे राहा, माह्याशी गप्पा मारा, न संध्याकाळी घरी जाऊन भाकर खा.” मला वाटलं चेष्टा करतो. सुन्न करून दात काढतात, गळू फोडतात. पोट कापायचं ते बेशुद्ध करूनच, असं आपल्याकडे सगळे धरून चालतात. बेशुद्ध केलं नाही तर ते ऑपरेशन खरं नाहीच. पण तो शांतपणे समजावत राहिला, आणि मी हो म्हणालो.

तुला हे मी इतक्यांदा सांगितलं की तू कानावर हात ठेवायचास. आता शेवटचं ऐक. पहिली सुई झोंबली, चांगली झोंबली. मग तो एकेका थरात औषध सोडत गेला आणि ती जागा माझी राहिलीच नाही. छातीपुढे हिरवं कापड आडवं बांधलेलं, त्यामुळे दिसत काहीच नव्हतं. ओढलेलं कळायचं, दाबलेलं कळायचं, दुखायचं नाही. मधे एकदा आत कुठेतरी चमक निघाली. मी ‘आई गं’ म्हणालो तशी तो थांबला, आणखी औषध सोडलं, विचारलं, “आता?” म्हटलं, चालू दे. आमच्या गप्पा संत्र्याच्या बहरावर चालल्या होत्या. आतडं पुन्हा उतरू नये म्हणून लावायची जाळी बसवून झाली तेव्हा तो म्हणाला, “सर, आता खोका. जोरात.” मी खोकलो. पडद्यापलीकडून आवाज आला, “पक्कं बसलं. अजून एक डाव.” बेशुद्ध माणसाला खोक म्हणता येत नाही, जागं ठेवण्याचा हा एक फायदा, असं त्याने मला नंतर सांगितलं. पण त्या टेबलावर मला तुझीच आठवण आली. खोकण्यात तुझा हात कोण धरणार होतं?

मी चालत बाहेर आलो. हळूहळू, पण माझ्या पायांनी. तू बाहेर बाकावर वहिनींनी दिलेला डबा मांडीवर घेऊन बसला होतास. मला पाहून उभा राहिलास, आणि तुझा हात आपसूक खिशात गेला.

“दुखलं?”

“नाई.”

“काही दिसलं?”

“परदा होता ना मधे.”

“आत कोण कोण होतं?”

मी नावं सांगितली. नीलेश. ती सिस्टर, जिला तू सातवीत कविता पाठ नाही म्हणून तास संपेपर्यंत उभं केलं होतंस. आणि तो ट्रॉलीवाला, ज्याला तू नापास केलंस म्हणून त्याचा बाप शाळेत भांडायला आला होता. तुझा चेहरा पडला. पांढुर्ण्यापर्यंत तू बसमध्ये डबा मांडीवरच घेऊन बसलास, मला द्यायचंही विसरलास. दुखण्याचं तुला काही नव्हतं, तुझा खरा प्रश्न तो तिसरा होता.

मग आपलं भांडण सुरू झालं आणि ते संपलंच नाही. जामसांवलीला गेलो होतो ते आठवतं? दर्शन घेऊन बाहेर चहा घेत बसलो होतो. तू एकदम म्हणालास, “मले बेशुद्ध करत असतीन तर आज करू दे. जागेपणी नाई जमत.”

“काहून? दुखत नाई म्हणून सांगून राहिलो ना.”

“दुखण्याचं कोण बोलून राहिलं बे?” कपाळावरचा जुना व्रण मला दाखवलास. “हे टाके म्या सुन्न न करता घेतले हायेत.”

“मंग?”

तू चहाचा कप बाकावर ठेवलास. मग हळू आवाजात म्हणालास, “ते सारे माहे पोट्टे हायेत दिगू. मी त्यायच्यासमोर नागडा पडू? न ते म्हणतीन, सर खोका?”

मी देवळाकडे बोट केलं. तिथला मारोती आडवा पडलेला आहे, सगळ्या दुनियेला ठाऊक आहे. म्हटलं, “तो पाहा, साऱ्या लोकायसमोर पडून हाय. त्याले लाज नाई वाटत, न तुले वाटते?”

“तो देव हाय. त्यानं कोणाले नापास नाई केलं.”

तू पुढे म्हणालास, “न तो हात. म्या पाह्यला हाय तो हात.”

“म्याही पाह्यला. माह्या जांघेत होता.”

तू इतका हसलास की खोकल्याची उबळ आली, तू वाकलास, हात खिशात गेला, आणि चहावाला पाणी घेऊन धावत आला. माझ्या डोळ्यांपुढे तू येतोस तो असाच येतोस, हसताना वाकलेला.

तुझ्या सचिनने तुला नागपूरला नेलं. बापाचं ऑपरेशन चांगल्या मोठ्या दवाखान्यात, दुर्बिणीतून व्हावं असं त्याला वाटत होतं, यात त्याचं काय चुकलं? पण दुर्बिणीचं म्हटलं की पूर्ण भूल आली. तिथे त्यांनी तुला नळीत फुंकर मारायला लावली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग डॉक्टरने सचिनला बाजूला घेऊन सांगितलं की या छातीला पूर्ण भूल द्यायची माझी तयारी नाही, गळ्यात घातलेली श्वासाची नळी मग निघेल याचा भरवसा नाही. यांचं सुन्न करूनच करा, अशा माणसांसाठीच ते असतं. म्हणजे जे सौंसरला फुकट ऐकायला मिळत होतं तेच. आणि तू परत येऊन वहिनींना आणि मला काय सांगितलंस? “नागपूरचा डॉक्टर म्हणते, काही घाई नाई.” सचिनने मला फोनवर खरं सांगितलं नसतं तर मीही विश्वास ठेवला असता.

त्या दिवशी मी तुला वाट्टेल ते बोललो. शाळेत पोरांना डोळे उघडे ठेवून शिका म्हणायचास, आणि स्वतःला डोळे मिटून बरं व्हायचं आहे, असं म्हणालो. तू म्हणालास, “मरीन पण इज्जतीनं मरीन.” मी म्हणालो, “आतडं अडकून मेलेल्याची काय इज्जत राहते ते पाह्यलं हाय मी.” ते मला आज मागे घ्यायचं नाही. खरं होतं ते. फक्त ते तुझ्यावरच खरं ठरायला नको होतं.

मग पोळा आला, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी पांढुर्ण्याचा आणि तू सावरगावचा, मधे जाम नदी. त्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा, आणि दोन्ही काठांवरून दगड चालतात. पांढुर्ण्याने झेंडा काढला तर पांढुर्णा जिंकलं, नाही तर सावरगाव. डोकी फुटतात, कधी माणूस जातो. आपण दोघं वर्गात पोरांना पढवायचो की जाऊ नका, आणि आपलं कोण ऐकतं? तू तर स्वतः पोरवयात कपाळ फोडून घेतलेला. तो दगड माझाच होता असं तू सगळ्यांना सांगत सुटायचास. मी आयुष्यात दगड मारला नाही, आणि मारला असता तर तो नदीतही पडला नसता, हे तुला चांगलं ठाऊक होतं.

दगड सोडले तरी आपण आपली गोटमार ठेवली होती. त्या दिवशी तू या काठाला यायचं नाही, मी त्या काठाला जायचं नाही. फोन नाही, निरोप नाही. दिवसभराची दुश्मनी. संध्याकाळी ढोल थांबले की ज्याचं गाव हरलं त्याने फोन करायचा आणि एकच शब्द बोलायचा, “हारलो.” मग जिंकलेल्याने त्याला जेवायला बोलवायचं. एखाद्या वर्षी अंधार पडेपर्यंत निकालच लागायचा नाही, मग दोन्ही गावं मिळून झाड चंडीमातेला नेऊन ठेवायची. तेव्हा आपण दोघंही एकदमच फोन लावायचो आणि दोघांनाही लाइन बिझी लागायची. म्हाताऱ्या माणसांचा पोरखेळ होता, पण तो आपण कधी मोडला नाही.

यंदाही मोडला नाही. तू सकाळपासून पोट धरून पडला होतास. ढकललंस, उशी कमरेखाली घेतलीस, पुन्हा ढकललंस, हर्निया आत गेला नाही. वहिनींना म्हणालास, गॅस झाला. त्यांनी ओवा दिला, हिंग लावलं. दुपारी उलट्या सुरू झाल्या तेव्हा त्या म्हणाल्या, दिगूभाऊजींना बोलावते. तू म्हणालास, “आज नाई. आज गोटमार हाय. संध्याकाळी मीच फोन करतो त्याले.”

नीलेश त्या दिवशी नदीच्या आमच्या काठाला होता. जखमींसाठी मांडव घातला होता, तिथे तो मदतीला आला होता. मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून त्याला पाहिलं. एकामागून एक फुटलेली डोकी येत होती, तो जखमेभोवती सुन्न करायची सुई टोचायचा आणि टाके घालायचा. पोरं त्याच्याशी बोलत बोलत टाके घेत होती. त्यातली काही तर टाके पडल्यावर उठून पुन्हा नदीकडे पळत होती. त्याच औषधाची एक कुपी आणि तो हात, तुझ्या घरापासून नदीच्या रुंदीएवढे दूर होते.

संध्याकाळी पांढुर्ण्याने झेंडा काढला. मी घरी येऊन पाय धुतले आणि फोन हातात घेऊन खुर्चीत बसलो. वाजला. तुझं नाव दिसलं. मी उचलला आणि तुला तोंड उघडू न देता म्हणालो, “बोल सावरगाववाल्या, हारला ना?”

पलीकडे वहिनी होत्या.

मी मांडवातून नीलेशला उचललं. पुलावर परतणाऱ्यांची गर्दी, पायाखाली दगडच दगड. तुझ्या खोलीत शिरलो तेव्हा तू कुशीवर होतास, चेहरा राखेसारखा, आणि हात तिथेच, दाबून धरलेला. नीलेश तुझ्याजवळ बसला. “सर, हात काढा,” म्हणाला. तू त्याच्याकडे पाहिलंस. मग हात काढून घेतलास. वामन, तो हात मी खिशाबाहेर इतका मोकळा कधी पाहिला नव्हता. नीलेशने हात लावून पाहिलं, पोट दाबलं, पांघरूण नीट केलं, आणि मला बाहेर येऊन सांगितलं, “सर, हे आता माह्या सुईचं काम नाई राह्यलं. आतडं अडकून काळं पडलं असन. पोट उघडा लागन. नागपूर.”

गाडीत तुला चढवताना तू माझी बाही धरलीस. “तुले एक सांगाचं होतं बे.” म्हटलं, सांग. उबळ आली. मग म्हणालास, “राहू दे. वापस आल्यावर.”

नागपूरला त्यांनी तुला पूर्ण भूल दिली, दुसरा उपायच नव्हता. सडलेलं आतडं कापलं, ऑपरेशन पार पडलं, आणि गळ्यातली नळी निघाली नाही. पहिल्या डॉक्टरने सांगितलं होतं तसंच. मशीन तुझी छाती वरखाली करत होतं. मी काचेतून पाहायचो. तुझ्या मनासारखं झालं होतं रे. पूर्ण बेशुद्ध. तुझ्यासमोर ना तुझ्या शाळेचा पोट्टा, ना पोट्टी. तिथे तुला कोणी सर म्हणत नव्हतं. ‘बाबा’ म्हणायचे, नाही तर ‘तो कोपऱ्यातला पेशंट’. तिथल्या नर्स पोरींनी तुझं सगळं केलं, पुसलं, बदललं, आणि तुला लाज वाटली नाही, कारण तू तिथे नव्हतासच. मला मात्र वाटत होतं की कोणीतरी येऊन एकदा तरी ‘वामन सर’ अशी हाक मारावी. मीच मारली. तू डोळे उघडले नाहीस, आणि नंतरही कधी उघडले नाहीस.

मी रडलो नाही त्या वेळी. मला तुझा राग आला होता. अजून आहे. जी गोष्ट एका दुपारी गप्पा मारत उरकली असती, तिच्यासाठी तू गेलास. लाजेपायी. वहिनी रोज सकाळी दोन कप चहा मांडतात, मग एक परत ओततात, हे त्यांनी मला सांगितलं नाही, मी पाहिलं.

तेरवीला नीलेश आला. पंगत उठल्यावर आम्ही दोघं अंगणात बसलो. त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि मी पाहिलं, त्याचा हात थरथरत होता. शाळेत थरथरायचा तसा. तू पाहिला असतास तर लगेच बोलला असतास. त्याने ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, “सर, तुमाले एक सांगा लागते. वामन सरायचा फोन आला होता मले, पोळ्याच्या संध्याकाळी.”

“काय म्हणे?”

“म्हणे, गोटमार झाली का येतो बाबू तुह्याकडे. तुह्या सुईनंच कर, जागेपणी कर. मी म्हटलं, सर, तोपर्यंत जर आत नाई गेलं तर तेव्हाच फोन करा, वाट नका पाहू. हाव म्हणाले. न एक अट घातली. म्हणे, दिगूले माह्या उशाशी बसवजो. मी त्याच्याशीच बोलीन, तुमच्यापैकी कोणाशी नाई. न खोक म्हणाचं असन तर ते तू नाई म्हणाचं. ते दिगू म्हणन.”

मी त्याचा ग्लास उचलून त्याच्या हातात दिला.

“मी म्हटलं, दिगंबर सरायले सांगून देऊ का? तर म्हणे, नाई नाई, उद्या गोटमार हाय, उद्या आमी बोलत नसतो. संध्याकाळी मीच फोन करीन त्याले. झेंडा कोणीही नेऊ दे, यंदा मीच करीन, न म्हणीन, हारलो.”

तर हे सांगायचं होतं तुला. गाडीतही सांगितलं नाहीस. वापस आल्यावर, म्हणालास.

मला या भांडणात जिंकायचं होतं, वामन, खूप जिंकायचं होतं. जिंकल्यावर तुला किती चिडवायचं तेही ठरवून ठेवलं होतं. आता तू हरलास हे मला दुसऱ्याकडून कळलं, आणि मी त्याचं काय करू ते मला सुचत नाही. तेरवीपासून मी एवढंच करतो. दुपारी आडवा पडलो की सौंसरची ती खोली डोळ्यांपुढे आणतो. तू टेबलावर, छातीपुढे हिरवं कापड. पलीकडे नीलेश आणि ती सिस्टर, अलीकडे मी, तुझ्या उशाशी स्टुलावर. पहिली सुई झोंबते तेव्हा तू मला शिवी देतोस. मी तुला कपाळावरच्या दगडाबद्दल विचारतो, तू पुन्हा तेच खोटं सांगतोस, आणि सिस्टर तोंड फिरवून हसते. तुला ते कळतं, आणि तुझं काही बिघडत नाही. मग नीलेश मान वर करून माझ्याकडे पाहतो. त्याचा हात स्थिर असतो. मी तुझ्या कानाशी वाकतो आणि म्हणतो, खोक बे वामन. जोरात खोक.